पर्समधल्या पन्नास नोटा

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

चार दिवस वही उघडली नाही. सोमवारचं लिहायचं राहिलंय, आणि ते टाळून पुढचं काही लिहिणं खोटेपणा होईल.

महिला मंडळाचे पैसे माझ्याकडे असतात. चर्चमागच्या हॉलचे पत्रे गळतात, ते बदलायला बायकांनी वर्षभर साठवलेले ३८,४०० रुपये. कुणी चकल्या विकल्या, कुणी ब्लाउज शिवले. एक आजी तर पेन्शनीतून दर महिन्याला न चुकता पन्नास रुपये आणून देतात. सगळे कपाटाच्या खालच्या खणात, बिस्किटांच्या जुन्या डब्यात.

लेकाच्या डिप्लोमाच्या फीचा पहिला हप्ता २५,००० रुपये, बुधवारपर्यंत भरायचा. ह्यांचे गाडीच्या भाड्याचे पैसे यायला अजून दहा दिवस.

सोमवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी डबा काढला, पाचशेच्या पन्नास नोटा मोजल्या, रबर लावलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. हात जरासुद्धा थरथरला नाही. तेच अजून सलतंय. हिशेब मनात तयारच होता: दहा दिवसांत परत ठेवू, पत्रेवाला काही लगेच येत नाही, आणि पोराचं शिक्षणच तर आहे, मी काय साडी घेतेय का? चोरी हा शब्द मनाला शिवलासुद्धा नाही. ‘फिरवायला घेतले’ असं मी स्वतःला सांगत होते.

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. शेवटी नेहमीप्रमाणे प्रभूची प्रार्थना. “आम्हांला परीक्षेत आणू नकोस” इथपर्यंत आलो आणि माझा आवाजच फुटेना. पर्स समोर खुंटीला लटकत होती.

पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं होतं की मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’, त्यात मोह आणि परीक्षा दोन्ही अर्थ येतात. तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. सोमवारी कळलं, दोन्ही एकाच डब्यात बसतात.

झोप येईना म्हणून बायबलमधला मत्तयाचा चौथा अध्याय काढला. लहानपणी संडे स्कूलच्या चित्रात सैतानाला शिंगं असायची. या अध्यायात कुठे आहेत शिंगं? चाळीस दिवसांच्या उपाशी येशूला तो म्हणतो, या धोंड्यांच्या भाकरी कर. भुकेल्याने भाकरी खावी यात पाप ते काय? पुढे तर तो ९१ वं स्तोत्रच म्हणून दाखवतो. किती समजूतदार बोलणं! आणि येशू वाद घालत बसत नाही. तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचन, तेवढंच. मी मात्र दुपारभर स्वतःशी वाद घालून प्रत्येक वेळी जिंकत होते.

मग योहानाचा बारावा. बेथानीत मरीया येशूच्या पायांवर सुगंधी तेल ओतते आणि त्याचा शिष्य यहूदा याला गोरगरिबांचा कळवळा येतो, ते विकून त्यांना का दिलं नाही म्हणतो. पुढे लिहिलंय की त्याच्याजवळ डबी असे, आणि तिच्यात जे टाकलं जाई ते तो चोरून घेई. डबी. मी शास्त्र मिटलं आणि खूप रडले. यहूदाने गरिबांचं नाव पुढे केलं, मी लेकाचं.

करिंथकरांस पहिल्या पत्रात, दहाव्या अध्यायात पौल लिहितो की देव परीक्षेबरोबर तिच्यातून निभावण्याचा उपायही करील. माझा उपाय त्याच कपाटात होता, वरच्या खणात. आईच्या पाटल्या. त्या आठवल्या नव्हत्या असं नाही. पण पतसंस्थेत सोनेतारणाच्या टेबलाला आपल्याच मंडळीतली मुलगी बसते. ती बघेल, घरी सांगेल. मला फीची काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी होती कुणापुढे मान खाली घालायची. हे एवढं उघड मी स्वतःशी आजवर कधी बोलले नव्हते.

मंगळवारी सकाळी डबा घेऊन मंडळाच्या चिटणीस मावशींकडे गेले. नोटा पर्समधून काढून डब्यात परत ठेवल्या नाहीत. मुद्दामच. त्यांच्यासमोर काढल्या आणि काय केलं ते सांगितलं. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आण, मोजू या.” दोनदा मोजले, वहीत आकडा लिहिला, खाली दोघींच्या सह्या. “आता हे बँकेत, दोघींच्या नावावर. मोहाला घरात जागाच कशाला द्यायची, बाई?” माझा हात धरून त्यांनी प्रार्थना केली, अगदी दोन वाक्यांची. मग चहा टाकला.

तिथून तशीच पतसंस्थेत. त्या मुलीने पाटल्या काट्यावर ठेवल्या, म्हणाली, “काकू, पावती जपून ठेवा हं.” बस, एवढंच. ज्याला इतकी घाबरत होते ते एवढंच होतं. बुधवारी फी भरली.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे की येशू सर्व प्रकारे आपल्याप्रमाणे पारखलेला होता, तरी निष्पाप राहिला. म्हणून त्याच्याशी बोलायला लाज वाटत नाही. ह्यांना काल रात्री सांगितलं. लेकाला अजून नाही, त्याचं नाव मी पुढे केलं होतं हे सांगायला जीभ रेटत नाही.

रविवारी उपासनेनंतर मंडळाची सभा आहे. मावशी म्हणाल्या, “मी कुणाला काही बोलणार नाही.” पण बायकांना मीच सांगायचं ठरवलंय. पेन्शनवाल्या आजी पहिल्या बाकावर बसतात. प्रभू, त्यांच्याकडे बघून बोलायचं बळ दे.