परत आलेल्या ७४ गोळ्या

सोमवार, बाजाराचा दिवस. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. गर्दीतून वाट काढत एका काकूंनी पिशवीतून गोळ्या काढून काउंटरवर ठेवल्या. "भाऊ, ह्या वापस घ्या. जेवढे देता येईन तेवढे द्या."

सोराफेनिब, यकृताच्या कॅन्सरची गोळी. त्यांच्या मालकांसाठी नागपूरहून मीच मागवलेली.

मोजल्या. ७४ निघाल्या. महिन्याच्या १२०, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. ४६ गेल्या, म्हणजे बाराव्या दिवशी सकाळच्या घेतल्या आणि संध्याकाळच्या राहिल्या. "काकू, त्या दिवशी काय झालं?"

"हातच सोलले त्यायचे. कापसाची वेचाई लागली न भाऊ. बोंडं रुतते, रगत येते. मजूर लावाले पैसे कुठचे?"

काकांच्या यकृतातल्या गाठीचं ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. मांडीतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीतच केमोचं औषध सोडायचं आणि तिचं रक्त बंद करायचं, हे दोनदा झालं होतं. गाठ मुख्यतः धमनीच्या रक्तावर वाढते, निरोगी यकृत बरंचसं पोर्टल शिरेवर, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेवर जगतं, म्हणून हे जमतं. पुढे गाठ त्या शिरेतच शिरली. मग गोळी.

या गोळीचा मला अभिमान वाटायचा. मूळ कंपनीची महिन्याला २ लाख ८० हजारांच्या घरात होती. २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना (पेटंटवाल्या कंपनीच्या संमतीशिवाय औषध बनवायची सरकारी परवानगी) मिळाला आणि किंमत ८,८८० वर आली. म्हणून तर ती आमच्या गावापर्यंत पोचली, आणि इथे पऱ्हाटीत अडली.

तळहात-तळपाय सोलणं हा या औषधाचा नेहमीचा त्रास. डिस्चार्ज कार्डावर तो लिहिलेला होता, इंग्रजीत. हा माणूस हातांनी काय काम करतो, हे त्या मोठ्या दवाखान्यात कुणी विचारलं नाही. मीही नाही. उपाशीपोटी घ्या एवढं सांगून मी बिल केलं. युरियाचं मलम पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं.

तिसऱ्यांदा लावल्यावर नागपूरच्या डॉक्टरांचा फोन लागला. हात भरेपर्यंत थांबा, मग रोज दोनच गोळ्या, आणि हातांचे फोटो पाठवा, असं ते म्हणाले. मलम दिलं. मऊ चप्पल घाला, गरम पाण्यात हात घालू नका, हे मराठीत लिहून दिलं. गोळ्या परत घेतल्या नाहीत.

काकूंनी त्या पिशवीत ठेवल्या. "वेचाई झाल्यावर चालू केल्या त चालन काय?"

वेचाई फेब्रुवारीपर्यंत चालते. मी पुन्हा नागपूरला फोन लावला.