पहिला श्वास आणि नाळेतले रक्त

बाळ जन्मले आणि रडले नाही, की सगळ्यांचे डोळे त्याच्या रंगाकडे लागतात. माझी बोटे मात्र नाळेच्या बुंध्याशी जातात, कारण हृदयाची गती तिथे बोटांना लागते.

गर्भात फुप्फुसे द्रवाने भरलेली आणि त्यांतील रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे हृदयाच्या डाव्या बाजूला भरणारे रक्त मुख्यतः वारेकडून, नाळेतून आणि दोन कर्णिकांमधल्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या) छिद्रातून येते. पहिल्या श्वासाआधीच नाळ बांधली, तर हा ओघ तुटतो, फुप्फुसांकडून येणारे रक्त अजून वाढलेले नसते, आणि ठोके मंदावतात. शिकाऊ डॉक्टरांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण अशा वेळी हात आपसूक छाती दाबायला धावतात, आणि बाळाला तर आधी हवा हवी असते. पिशवी-मास्कने, म्हणजे नाका-तोंडावर मास्क धरून त्याला जोडलेली पिशवी दाबत, मिनिटाला 40 ते 60 श्वास देताना छाती हलकेच उचलली गेली, की द्रव आजूबाजूच्या ऊतींत सरकतो, वाहिन्या सैलावतात आणि बहुतेक बाळांचे ठोके 100 च्या वर जातात. रंग सावकाश पालटतो; धडधाकट बाळाच्या रक्तातही पाचव्या मिनिटाला ऑक्सिजनची पातळी साधारण 80 ते 85 टक्केच असते.