तुम्ही विचारलंत म्हणून: पोहायला येत नाही, मग त्या लाटांच्या गावात करतेस काय?

मला पोहायला येत नाही. जन्म दापोली तालुक्यातला, घरापासून समुद्र चालत वीस मिनिटांवर, आणि तरी येत नाही. आमच्याकडे समुद्रात जायचं ते गुडघाभर, तेही ओहोटी असेल तर, आणि तेही आजी पुळणीवर उभी राहून हाका मारत असताना. त्यामुळे मेक्सिको सिटीत राहायला आल्यापासून ओआहाका राज्यात पॅसिफिक किनाऱ्यावर असलेल्या पुएर्तो एस्कोंदिदो या सर्फिंगच्या गावाला माझ्या सहा खेपा झाल्या म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "अगं, पण तू तिथे करतेस काय?" टेक्सास-कॅलिफोर्नियातली आपली मंडळी त्याला आणखी एक जोडतात: "आम्हाला शनिवार-रविवारच आहे, काय काय उरकेल?" उरकणार काहीच नाही, ते मनातून काढून टाका. बाकी सांगते.

आधी कोरडी माहिती. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. मेक्सिको सिटीहून विमान सव्वा-दीड तासात पोचवतं आणि विमानतळ गावाला चिकटूनच आहे. ओआहाका शहर बघून तिथून गाडीने येणार असाल तर 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या नव्या महामार्गानेच या. जुना रस्ता सिएर्रा माद्रेच्या डोंगरातून सहा-सात तास गरागरा फिरवायचा. पहिल्या खेपेला मी आंबेनळी घाटाची सवय आहे या तोऱ्यात पुढच्या सीटवर बसले आणि तिसऱ्या तासाला ड्रायव्हरकडे पिशवी मागितली. आता तोच प्रवास साधारण तीन तासांत होतो.

गावात फिरायला टॅक्स्या आहेत, पण हमरस्त्यावर मागे बाकडी आणि वर कापडी छत असलेल्या पिकअप धावतात. आपली वडापच. हात केला की थांबते, मागच्या दांड्याला लटकणारा पोरगा "चला, सरका" अशा अर्थाचं काहीतरी ओरडतो आणि कोंबड्यांच्या खोक्याशेजारी आपल्याला जागा होते.

आता शनिवार. सकाळी सहाला उठा. सुट्टीच्या दिवशी सहाला उठायचं म्हटल्यावर निम्मे लोक इथेच गळतात, पण या गावात उशिरा उठणाऱ्याला खरं काही दिसत नाही. सिकातेला नावाचा लांबलचक किनारा आहे, तिथे जाऊन वाळूत बसायचं. बसायचंच, पाण्याजवळ जायचं नाही. तिथल्या लाटेला जगभरचे सर्फर 'मेक्सिकन पाइपलाइन' म्हणतात, हवाईतल्या 'पाइपलाइन' या प्रसिद्ध लाटेवरून. साधारण एप्रिल ते सप्टेंबर दूर दक्षिण गोलार्धात वादळं होतात, त्यांनी उठवलेले फुगवटे हजारो किलोमीटर प्रवास करून येतात. बहुतेक किनाऱ्यांना उथळ तळावर घासून लाटेचा जोर आधीच ओसरतो. सिकातेलासमोर समुद्र काठाच्या अगदी जवळपर्यंत खोल आहे, त्यामुळे लाट आपली सगळी ताकद राखून येते आणि शेवटच्या क्षणी वाळूच्या बांधावर आपटून एकदम उभी राहते. दोन मजली घराएवढी. मग तिचा वरचा ओठ पुढे झेपावतो, आत एक पोकळ बोगदा तयार होतो, आणि त्या बोगद्यात एक माणूस दिसतो. तीन सेकंद, चार सेकंद. कधी तो दुसऱ्या तोंडाने बाहेर येतो. बरेचदा फक्त बोर्ड येतो, त्याचाही अर्धाच तुकडा.

सकाळीच का, तर वारा तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा चेहरा काचेसारखा गुळगुळीत ठेवतो. दहा-अकरानंतर वारा फिरतो, लाटा विस्कटतात, सर्फर बोर्ड काखेत मारून नाश्त्याला जातात. आपणही जायचं.

त्या दोन-तीन तासांत मी काय करते हे मला नीट सांगता येत नाही. शेजारी म्हाताऱ्या बायका कॉफी घेऊन बसलेल्या असतात, नातू पाण्यात असतो. कुत्री असतात. लाटांची एखादी मोठी रांग येताना दिसली की कुणीतरी शिट्टी मारतं आणि सगळा किनारा गप्प होतो. गावच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या शेवटच्या षटकात व्हायचा तसाच. खेळातलं ओ की ठो कळत नसलं तरी तो गप्पपणा कळतो.

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. पाण्यात जाऊ नका सांगणारं लाल निशाण होतं, पण घोट्याएवढ्या पाण्यात काय होतंय म्हणून चपला हातात घेऊन फोटो काढत उभी राहिले. लाट तर लांबच फुटली होती. तिचं पाणी वर आलं तेही निवांत आलं. परत जाताना मात्र त्याने पायाखालची वाळूच ओढून नेली, मी बसकण मारली आणि पुढची लाट यायच्या आत एका जीवरक्षकाने दंडाला धरून मला ओढलं. तो रागावला नाही, फक्त निशाणाकडे बोट दाखवून गेला. चपला गेल्या. आजी असती तर तिने आधीच ओरडून सांगितलं असतं. वर्तमानपत्रात किंवा हॉटेलच्या फळ्यावर 'मार दे फोंदो' असे शब्द दिसले तर समुद्राला उधाण आहे एवढं समजा आणि पोरांचे हात सोडू नका.

मग पाण्यात जायचं कुठे? त्यासाठी कारिसालीयो. हा छोटा, दोन्ही बाजूंनी कड्यांनी कवेत घेतलेला किनारा. दीडशेहून जास्त पायऱ्या उतराव्या लागतात. उतरताना गंमत वाटते, दुपारी चढताना देव आठवतात. इथल्या लाटा शिकाऊ माणसाला झेपणाऱ्या, आणि सर्फिंग शिकवणारे तरुण सकाळपासून हजर. पोहायला येत नाही हे मी आधीच सांगितलं, कमरेएवढ्या पाण्यातच ठेवायचं कबूल करून घेतलं, आणि लाइफ जॅकेट मागितलं. शिकवणारा एकोणीस-वीस वर्षांचा असेल. मला "सेन्योरा" म्हणत, अत्यंत आदराने, त्याने सतरा वेळा पाण्यात ढकललं. अठराव्या वेळी मी उभी राहिले. किती वेळ? "उभी राहिले" हे शब्द म्हणायला लागतो तेवढा. नाकात, कानात आणि का कोण जाणे, घड्याळाच्या काचेखालीसुद्धा वाळू गेली. पुन्हा करीन का? केलं की, पुढच्या खेपेला.

खाण्याबद्दल शाकाहारी मंडळींचा प्रश्न वेगळा असतो, म्हणून सावकाश सांगते. ओआहाकाची त्लायुदा तुम्हाला आवडणार. परातीएवढी, कडक भाजलेली मक्याची भाकरी, वर वाटलेल्या काळ्या घेवड्याचा लेप, तारांसारखं सुटणारं केसीयो चीज, कोबी, टोमॅटो, अवोकाडो. पण भाकरीला सगळ्यात आधी जो तपकिरी थर लावतात तो 'आसिएंतो', म्हणजे डुकराच्या चरबीचा गाळ. दिसत नाही, सांगितल्याशिवाय कुणी टाळत नाही. "सिन आसिएंतो", म्हणजे 'आसिएंतो नको', हे दोन शब्द पाठ करून जा. घेवडाही कधी चरबीत परतलेला असतो, तेही विचारा. विचारलेलं कुणाला खटकत नाही. पदार्थ कधी येणार असं विचारलंत आणि "आओरिता" (आत्ता लगेच) असं उत्तर आलं, तर ते आपल्याकडच्या "हा काय, निघालोच"इतकंच खरं धरा.

मासे खाणाऱ्यांनी सकाळी मुख्य किनाऱ्यावर होड्या येतात तिथे एक चक्कर मारावी. हर्णै बंदरावरच्या लिलावाची गडबड इथे नाही, पण बायका तशाच हाताने मासा दाबून, कल्ले उघडून बघतात. तिथे ज्याला वाचिनांगो म्हणतात तो आपल्या तांबोशीच्याच कुळातला. अख्खा तळून, लिंबू पिळून देतात. आणि बाजारात चिकू दिसला तर त्याला पाव्हणा समजू नका, पाव्हणा तो आपल्याकडे आहे. त्याचं मूळ याच मुलखात, आणि 'चिकू' हे नावही इथल्या 'चिकोसापोते'चंच झिजलेलं रूप. हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "असेल, पण डहाणूचा गोड असतो." वाद घातला नाही.

संध्याकाळ बाकोचो किनाऱ्यावर काढायची. तिथे सूर्यास्ताच्या सुमारास कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात. थोडी देणगी द्यायची, मग नारळाच्या करवंटीत एक पिल्लू तुमच्या हाती येतं, कारण हाताचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. करवंटी वाळूवर कलती करायची. पुढचं अंतर त्याने स्वतः चालायचं, मदत करायची नाही. माझं पिल्लू आधी उलट्या दिशेने निघालं.

ही ऑलिव्ह रिडले कासवं. वेळासला, आंजर्ल्याला येतात ती हीच जात. वेळासला अंडी चोरीला जायची, मग सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावाला सोबत घेऊन राखण सुरू केली आणि आता लोक कासवांसाठी मुंबई-पुण्याहून येतात. इथली गोष्ट त्याहून रक्ताळलेली आहे. याच किनारपट्टीवर, मासुन्तेजवळ, कासवांचा कत्तलखाना चालायचा, अनेक गावांचं पोट त्यावर होतं. 1990 मध्ये मेक्सिकोने कासवांची शिकार पूर्ण बंद केली. मासुन्ते गावात नंतर कासव केंद्र उभं राहिलं, आणि पुएर्तो एस्कोंदिदोच्या पूर्वेला एस्कोबीयाच्या किनाऱ्यावर आता हंगामात काही रात्रींत हजारोंच्या झुंडी अंडी घालायला येतात. वेळासला आम्ही एक-एक माग मोजत बसायचो, त्यामुळे झुंडीचं हे वर्णन ऐकून मला आधी खोटंच वाटलं होतं. एस्कोबीयाला मनाला येईल तेव्हा जाता येत नाही, आणि दोन दिवसांच्या ट्रिपमध्ये ती रात्र गाठणं म्हणजे लॉटरी. बाकोचोवर समाधान माना.

मासुन्ते, सिपोलिते, चाकावाची खारफुटी हे सगळं सुंदर आहे, आणि दोन दिवसांत त्यातलं काहीही करू नका. ला पुन्ता हा गावाचा दक्षिण टोकाचा भाग सध्या फार चालतो. तिथे योगासनं, ओट दुधाची कॉफी आणि लॅपटॉप आहेत. मला तिथे झोप लागत नाही. विशी-पंचविशीत असाल तर लागायची गरजही नाही.

राहता राहिली रात्र, आणि खरं तर ट्रिपची तारीख ठरते ती इथेच. गावाच्या पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवर मानियाल्तेपेकचं खारं तळं आहे. त्याच्या पाण्यात असे सूक्ष्म जीव असतात की अंधारात पाणी हलवलं की ते निळसर उजळतात. होडीतून हात बुडवला की बोटांना उजेड लागतो, मासा पळाला की त्याची रेघ उमटते. मात्र अंधार पूर्ण हवा. पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा आभाळात परातीएवढा चंद्र होता. तिकीट विकणाऱ्याने तो बघितला होता, आम्हीही बघितला होता, पैसे घेताना त्याने आणि देताना आम्ही विषय काढला नाही. तासभर आम्ही चांदण्यात एका साध्या तळ्यावर होडीतून फिरलो. मच्छर मात्र भरपूर होते.

तेव्हापासून मी तिकीट काढायच्या आधी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयकडे जाते. भारतातून दरवर्षी कुणाच्या तरी बॅगेतून ते येतंच. शनिवारच्या आगेमागे अमावस्या असलेला आठवडा शोधायचा, की ट्रिप ठरली. मेक्सिकोतली रात्र आपल्या तिथीच्या अर्धा दिवस मागे चालते, पण अंधाराला तेवढ्याने फरक पडत नाही. मागच्या खेपेला असंच केलं आणि होडीवाल्याने इंजिन बंद केल्यावर वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला पाणी पेटत होतं. नवऱ्याने पाण्यात उडी मारली आणि त्याचा नुसता आकार दिसत राहिला.

मी होडीतच बसले, दंडापर्यंत हात बुडवून. घरी आल्यावर आईला फोटो पाठवले. ट्रिपची तिथी तेवढी सांगितलेली नाही. अमावस्येला प्रवासाला निघाले होते हे कळलं तर ती पुढचे चार फोन तेवढ्यावरच करील.