पूर्ण बुद्धीने

आठवीत असताना पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासाला बाईंनी आम्हाला मार्ककृत शुभवर्तमानाचा बारावा अध्याय काढायला सांगितला आणि सर्वांत मोठी आज्ञा कोणती, या प्रश्नाला प्रभू येशूने दिलेल्या उत्तरातले, देवावर कशाकशाने प्रीती करायची हे सांगणारे चार शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहिले : अंतःकरण, जीव, बुद्धी, शक्ती. मग त्यांनी विचारले, “मुलींनो, यांतले काय देवाला द्यायचे आपण विसरतो?” कोणी शक्ती म्हणाले, कोणी जीव. बाईंनी ‘बुद्धी’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि त्या दिवशी अधिक काही सांगितले नाही.

त्याच वर्षी आमची सहल केडगावच्या मुक्ती मिशनला गेली. दौंडला गाडी बदलून आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या आणि केडगावच्या माळरानावर त्यांना आसरा दिला, हे आम्ही ऐकले होते. पण बाईंनी आम्हाला थांबवले ते रमाबाईंनी भाषांतरित केलेल्या पवित्र शास्त्राच्या एका जुन्या प्रतीपुढे. ज्यांना तरुणपणीच कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, त्या रमाबाई उतारवयात पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, इब्री आणि ग्रीक शिकल्या, आणि एवढी विद्वत्ता पणाला लावून त्यांनी जे मराठी लिहिले ते खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईला कळावे असे साधे लिहिले. संस्कृतवर हुकूमत असणाऱ्या लेखणीला हा साधेपणा किती महाग पडला असेल, हे पुढे मी स्वतः मराठी शिकवू लागले तेव्हा मला समजले. विद्वानाने दान करणे सोपे असते, पण आपल्या विद्वत्तेचे दर्शन घडवण्याचा मोह सोडणे फार अवघड असते, असे मला मनापासून वाटते.

बाईंनी आम्हाला छपाईच्या खिळ्यांविषयी, म्हणजे अक्षरांच्या ठशांविषयीही सांगितले. मुक्तीच्या छापखान्यात शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवण्याचे काम तिथल्याच मुली करत. दुष्काळाने उपाशी मारायला काढलेल्या मुलींच्या बोटांनी देवाचे वचन जुळवावे, याहून मोठी साक्ष मला ठाऊक नाही. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा वारली, आणि पुढच्याच वर्षी ५ एप्रिलला त्या स्वतः गेल्या. त्या शेवटच्या काळातही त्यांनी भाषांतराचे काम खाली ठेवले नव्हते.

१८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर कित्येक वर्षांनी रमाबाईंनी लिहिले की, त्यांना तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हे वाक्य मी बाईंच्याच तोंडून प्रथम ऐकले आणि परतीच्या गाडीत रात्रभर मला झोप आली नाही. समर्पण एका दिवशी उरकत नाही, हे इतक्या स्पष्टपणे मला त्याआधी कोणी सांगितले नव्हते.

बाईंनी स्वतः कधी समर्पणावर भाषण दिले नाही. वसतिगृहातल्या आम्हा मुलींच्या निबंधाच्या वह्या त्या रात्री जेवणानंतर तपासत, आणि त्यांच्या नजरेतून एकही काना, एकही वेलांटी सुटत नसे. नववीतली माझी वही मी अजून जपून ठेवली आहे. ‘माझा आवडता शास्त्रपाठ’ या निबंधात मी घाईघाईने ‘अंतकरण’ लिहिले होते. तिथे बाईंनी लाल शाईने विसर्ग दिला आहे आणि समासात तोच शब्द आपल्या सुवाच्य अक्षरात पुन्हा एकदा पूर्ण लिहिला आहे.