धावपट्टीवरचे नऊ किलोमीटर

ऑर्बिटर या संगणकावर अवकाशयान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये मी तीन वर्षं उडते आहे. पृथ्वीभोवतीची कक्षा, स्थानकाला जोडणी, चंद्रावर ब्रायटन बीच या सिम्युलेटरमधल्या तळावर उतरणं, हे सगळं करून झालं होतं. राहिलं होतं ते जमिनीवर यान चालवत नेणं. उतरलं की यान जिथे थांबेल तिथे सोडायचं आणि संगणक बंद करायचा, अशीच सवय लागली होती. ती या डिसेंबरात सांगलीत, विश्रामबागच्या घरी बसून मोडली. अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरच्या धावपट्टीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, वळायचं आणि परत मूळ जागी येऊन थांबायचं, एवढाच हा प्रवास. ज्यांना करून बघायचा आहे त्यांच्यासाठी लिहिते.

ऑर्बिटर फुकट मिळतं. मार्टिन श्वाइगर यांनी ते 2000 साली पहिल्यांदा लोकांसमोर आणलं, आणि 2021 पासून त्याचा सोर्स कोडही खुला आहे. सोबत येणारं डेल्टा ग्लायडर हे कल्पनेतलं यान आहे, पण त्याला चाकं आहेत, ब्रेक आहेत, पुढचं चाक वळतं. शिकायला तेच घ्या. धावपट्टी मात्र खरी आहे. अमेरिकेचं स्पेस शटल हे अवकाशयान उतरायचं ती हीच, 4572 मीटर लांब आणि 91 मीटर रुंद. जाऊन-येऊन नऊ किलोमीटर, म्हणजे सांगलीहून मिरजेला जाण्याइतकं.

निघण्याआधी एक गोष्ट जुळवून घ्या. या सिम्युलेटरचा सगळा कारभार नंबरपॅडवर, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांवर चालतो. माझ्या लॅपटॉपला नंबरपॅड नाही, म्हणून वेगळा यूएसबीचा घेतला. तो नसेल तर उगाच झुंजू नका, आधी घ्या.

पहिल्या संध्याकाळी मी नंबरपॅडवरचं नुसतं प्लस दाबलं. त्याने मुख्य इंजिन पूर्ण ताकदीने पेटतं, आणि बोट उचलेपर्यंत यान पळत सुटलेलं असतं. जमिनीवर कंट्रोल दाबून मग प्लस दाबायचं, म्हणजे जोर थोडाथोडा वाढतो आणि तेवढाच राहतो. कंट्रोल आणि मायनसने तो कमी होतो, आणि नंबरपॅडवरच्या फुलीने (*) इंजिन एकदम बंद. ही फुली कुठे आहे हे न बघता बोटाला कळलं पाहिजे. दिशेसाठी 1 आणि 3, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे. आकाशात यानाचं तोंड फिरवणारी छोटी इंजिनंही याच बटणांवर चालतात, त्यामुळे जमिनीवर ती बंद ठेवा.

वेग मीटर प्रति सेकंदात दिसतो. 3.6 ने गुणलं की ताशी किलोमीटर. पडद्यावर 10 दिसले तर ते कमी वाटतात, पण ते ताशी 36 असतात, आणि मोठी प्रवासी विमानंसुद्धा जमिनीवर सरळ जाताना साधारण तेवढ्याच वेगाने चालतात. सरळ पट्ट्यात मी 10 ठरवले, वळणाला 3.

हे ठरवूनही वळणं चुकतच होती. चार वेळा यान धावपट्टीच्या कडेवरून गवतात गेलं. वाट मला दाखवली ती मामांनी.

मामा आष्ट्याकडून उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्यावर आले होते. रांग लांब, नंबर पहाटे लागणार. ट्रॅक्टरपाशी जोडीदाराला बसवून ते जेवायला घरी आले आणि जेवण झाल्यावर खुर्ची ओढून माझ्या मागे बसले.

“काय कराय लागलीस गं?”

“यान चालवाय शिकतीय, मामा. सरळ जातंय, पण वळताना बाहेर जातंय.”

दोन फेऱ्या त्यांनी नुसत्या बघितल्या. मग म्हणाले, “वळण आल्यावर सोडतीस तू. मागनं भरल्या ट्रॉल्या ढकलत्यात असं समज. लांबनंच सोडायचं. वळणात शिरताना गाडी गप झालेली पायजे.”

नेमकं हेच चुकत होतं. मोटारीत पाय उचलला की इंजिनच गाडीला मागे ओढतं. यानाचं इंजिन चाकांना जोडलेलं नसतं, ते नुसतं मागून ढकलतं. बंद केलं तरी यान मिळालेल्या वेगानेच पुढे जात राहतं. चाकांचं घर्षण आणि हवा त्याला कमी करतील तेवढंच. धावपट्टीचं टोक दिसू लागलं की, अजून भरपूर जागा आहे असं वाटत असतानाच फुली दाबायची.

पुढे मामांनी विचारलं, “ह्याला डावा-उजवा ब्रेक येगळा हाय का?” आहे! साध्या कीबोर्डवरचा स्वल्पविराम म्हणजे डाव्या चाकाचा ब्रेक, पूर्णविराम म्हणजे उजव्या. तो वापरायचं मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. ट्रॅक्टरचंही तसंच असतं. शेतात सरीच्या टोकाला वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर तिथल्या तिथे फिरतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल पट्टीने जोडून ठेवायची, नाहीतर वेगात एकाच चाकाला ब्रेक लागून पलटी. यानालाही हाच नियम लावा. सरळ पट्ट्यात वेग कमी करताना दोन्ही बटणं एकदम दाबा, आणि वेग 3 च्या आत आल्यावरच एकटं दाबा. नंबरपॅडवरचा ठिपका आणि हा पूर्णविराम यांत गल्लत करू नका, तो ठिपका यानाला वर उचलून धरणाऱ्या खालच्या हॉवर इंजिनांचा जोर कमी करण्यासाठी आहे.

वळणाची माझी रीत अशी ठरली. डावीकडे फिरायचं असेल तर आधी उजव्या कडेला सरकायचं, म्हणजे रुंदी पुरी मिळते. इंजिन बंद, दोन्ही ब्रेक, वेग 3. मग 1 दाबून धरायचं आणि स्वल्पविरामाला थांबत थांबत टिचक्या द्यायच्या. सतत दाबलं तर यान मध्येच उभं राहतं. एफ1 दाबून बाहेरून बघा, नाक कसं फिरतंय ते डोळ्यांना समजतं. जाताना दिशा 330 अंश असते, परतताना 150. पडद्याच्या वरच्या पट्टीवर 160 दिसले की वळवणं सोडा.

टाइम ॲक्सिलरेशनला, म्हणजे वेळ पटीने पुढे पळवायच्या सोयीला, जमिनीवर हात लावू नका. दहापट केलं की बोट ब्रेकवर जाईपर्यंत यान दहापट अंतर कापतं. सरळ पट्टा एका बाजूने साडेसात मिनिटांचा आहे, तो पूर्ण चाला. कंटाळा येत नाही. दोन्ही बाजूंचं सपाट फ्लोरिडा हळूहळू मागे सरकत असतं आणि मधली रेघ नाकाखाली ठेवण्यात मन रमतं.

खरं शटल असं कधी चाललंच नाही. उतरताना ते निव्वळ ग्लायडर, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत येणारं यान असायचं, आणि थांबल्यावर त्याला गाडीने ओढून न्यावं लागे. 21 जुलै 2011 ला अटलांटिस हे शटल याच धावपट्टीवर शेवटचं उतरलं, तेही शेवटी ओढूनच नेलं. पण उतरल्यावर सरळ रेषेत राहणं त्यालाही चुकलं नव्हतं. आपल्या इस्रोचं पुष्पक हे पंखांचं प्रायोगिक यान 23 जून 2024 ला चित्रदुर्गजवळ उतरलं, तेव्हा जमिनीला टेकताना वेग ताशी 320 किलोमीटरच्या वर होता. पॅराशूटने तो सुमारे 100 वर आणला, मग चाकांचे ब्रेक लागले, आणि या सगळ्यात रडर (शेपटीवरचं सुकाणू) आणि पुढच्या चाकाने त्याला रेषेवर धरून ठेवलं. आत माणूस नव्हता. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. स्वतः 10 च्या वेगात रेषा धरताना घामाघूम झाल्यावर पुन्हा काढून वाचली आणि ऊर भरून आला.

हे जमलं की ब्रायटन बीचवर करून बघा, पण तिथे वेग निम्म्याहून कमी ठेवा. चंद्रावर वजन सहावा हिस्सा, म्हणून चाकांची पकडही सहावा हिस्सा; वस्तुमान मात्र तेवढंच. ब्रेक लावूनही यान घसरत जातं.

अडीचच्या सुमाराला जोडीदाराचा फोन आला, रांग पुढे सरकली होती. मामा उठले, पण चपला घालून दारातच थांबले. मी परतीच्या पट्ट्यावर होते, वेग 9. टोक अजून लांब होतं तेव्हाच मी फुली दाबली. 7, 5, 3. कडेला सरकले, दुसरं वळण घेतलं, दोन्ही ब्रेक दाबले. वेग शून्य, दिशा 331, पुढचं चाक रेघेवर.

“बसलं बघ,” मामा म्हणाले आणि जिना उतरून गेले.