टेंपल ऑफ द डॉग, आठवडा ६: रीच डाउनने घाम काढला

तर मंडळी, टेंपल ऑफ द डॉग या सिॲटलच्या रॉक बँडच्या अल्बममधली गाणी गिटारवर शिकतोय, त्यातलं टाइम्स ऑफ ट्रबल एकदाचं बसलं. ज्यांनी पर्ल जॅम बँडचं फूटस्टेप्स हे गाणं आधी वाजवलंय त्यांचं अर्धं काम झालेलंच आहे, कारण म्युझिक तेच, गिटारिस्ट स्टोन गॉसर्डच्या एकाच डेमोवर टेंपलचा गायक क्रिस कॉर्नेलने वेगळे शब्द लिहिले आणि पर्ल जॅमचा गायक एडी व्हेडरने वेगळे. मी उगाच दोन्ही वेगवेगळी म्हणून शिकायला बसलो होतो, तिसऱ्या दिवशी ट्यूब पेटली.

आता खरं दुखणं, रीच डाउन. गाणं ११ मिनिटांच्या वर, त्यात गिटारिस्ट माइक मॅकक्रेडीचा सोलोच साडेपाच मिनिटांच्या आसपास. पहिले चार दिवस टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते लिहिलेला कागद) समोर ठेवून एकेक नोट घोकली, आणि रेकॉर्ड करून ऐकलं तर पाढे म्हणतोय असं वाटत होतं राव. म्हणून टॅब बंद, लूपरवर (वाजवलेलं पुन्हापुन्हा ऐकवणारं यंत्र) गाण्याचा मूळ रिफ टाकला आणि मनाने वाजवायला लागलो. तिथे दुसरीच गंमत, अडीच मिनिटांत माझ्याकडचं सगळं संपलं! सगळे बेंड (तार ओढून सूर चढवणं), सगळ्या फास्ट लाइन्स सुरुवातीलाच उधळून टाकल्या, पुढे तीन मिनिटं तेच तेच. आई दारात येऊन म्हणे, "हे गाणं संपतं का रे कधी?"

यात एक गोष्ट फार धीर देते. मॅकक्रेडी तेव्हा स्टुडिओत नवखाच होता, इतका बुजून वाजवत होता की कॉर्नेलला त्याला जवळजवळ ओरडून सांगावं लागलं, बाबा ही जागा तुझीच आहे, कुणाच्या पायावर पाय पडत नाहीये. मग गडी असा सुटला की सोलोच्या मध्येच हेडफोन डोक्यावरून पडले तरी थांबला नाही. आता मी पहिलं मिनिट मुद्दाम कमी वाजवतो, एक बेंड, मग नुसती गप्प जागा आणि मॅट कॅमेरॉनचा ड्रम ऐकायचा. काल चार मिनिटांपर्यंत गेलो, बोटाचं साल निघालंय ते सोडा.

नवीन जॉइन झालेल्यांसाठी थोडक्यात: १९ मार्च १९९० ला मदर लव्ह बोनचा गायक अँड्र्यू वूड गेला, हेरॉइनचा ओव्हरडोस. साउंडगार्डन बँडचा कॉर्नेल त्याचा रूममेट. त्याने मित्रासाठी गाणी लिहिली आणि वूडच्याच बँडमधले स्टोन आणि जेफ अमेंट यांना सोबत घेतलं. सिॲटलच्या लंडन ब्रिज स्टुडिओत १५ दिवसांत १० गाण्यांचा अख्खा अल्बम! प्रोड्युसर रिक पराशर, हो, आडनाव वाचून मीही दोनदा बघितलं, पुढे पर्ल जॅमचा टेन हा अल्बम पण त्यानेच केला. अल्बम एप्रिल १९९१ मध्ये आला, पण धो धो खपला तो १९९२ मध्ये, टेन आणि साउंडगार्डनचा बॅडमोटरफिंगर गाजल्यावर.

आणि हंगर स्ट्राइक, याच अल्बममधलं ज्या गाण्यामुळे आपण सगळे इथे आलो, ते कॉर्नेलला भरतीचं वाटत होतं, नऊ गाण्यांची दहा करायला. खालचे सूर त्याला जमेनात तेव्हा रिहर्सलची वाट बघत बसलेला व्हेडर उठून माइकपाशी गेला. तो तेव्हा सॅन दिएगोहून नुकताच आलेला, कुणी फारसं ओळखतही नव्हतं.

आमच्याकडे मात्र उलटं झालंय. व्हेडरचा भाग गायला माझा ऑफिसमधला मित्र तयार आहे, भारदस्त आवाज आहे गड्याचा, पण कॉर्नेलच्या वरच्या पट्टीला हात लावायला कुणी तयार नाही. मी ट्राय केलं, शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं, बरं आहे ना सगळं? म्हणून येत्या शनिवारी मूळ स्केलच्या दोन सूर खाली घेऊन बघतोय. तुमच्यापैकी कुणी खाली उतरवून वाजवलंय का? सुरुवातीचा क्लीन गिटारचा पीस मोकळ्या तारांशिवाय फारच कोरडा वाटतोय, गिटारच खाली ट्यून करावी का?