डोंगरउतारावरचा गहू: उतारा किती आणि भरवसा किती

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड, आजरा, भुदरगड, शाहूवाडीच्या वरकस, म्हणजे डोंगराळ हलक्या रानात कोणता गहू घ्यावा, हे नदीकाठच्या मळीतल्या एका सालच्या उताऱ्यावरून, म्हणजे उत्पन्नावरून ठरवू नये. मळीत पहिला आलेला वाण टेकावरच्या पट्टीत शेवटचा येऊ शकतो. वर माती उथळ, ओल लवकर उडते. त्यात आजरा घनसाळसारखं गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं भात काढून रान तयार होईस्तोवर डिसेंबर उजाडतो आणि दाणा भरायच्या वेळी ऊन गाठतं. म्हणून आपल्याच रानात छोट्या वाफ्यांत वाणांची तुलना करावी. तुलनेत सगळ्यांना माहीत असलेला लोक-1 हा वाण ठेवावाच. जोडीला फुले समाधान घ्यावा, तो वेळेवर आणि उशिरा दोन्ही पेरण्यांना चालतो. पाणी कमी असेल तर नेत्रावती. खपली घेतली तर तिचं वजन टरफल काढल्यावरच धरायचं.

सगळ्यात मोठी चूक होते ती मांडणीत. एक वाण वरच्या पट्टीत, दुसरा खालच्या पट्टीत पेरला, तर तुलना वाणांची न होता पट्ट्यांची होते. खालच्या पट्टीत वरची गाळमाती आणि ओल दोन्ही उतरतात. म्हणून प्रत्येक पट्टीत सगळे वाण हवेत, एकाच पातळीत शेजारी शेजारी, आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. अशा निदान तीन पट्ट्या हव्यात. उसाच्या फडाची सावली पडते ती बाजू सोडून द्यावी.

वाफा सहा ओळींचा, ओळीत 20 सेंमी अंतर, लांबी 5 मीटर. म्हणजे 6 चौरस मीटर. बी नुसतं वजनावर सारखं घेऊ नका, दाणे सारखे पडले पाहिजेत. चौरस मीटरला 250 दाणे धरले, तर हजार दाण्यांचं वजन 40 ग्रॅम असलेल्या वाणाला वाफ्यामागे 60 ग्रॅम बी लागतं, 50 ग्रॅमवाल्याला 75. हे न पाहिल्यास टपोऱ्या दाण्याचा वाण विरळ उगवतो आणि नाहक मागे पडतो. उशिराच्या पेरणीत फुटवे कमी येतात, तेव्हा दाणे सगळ्यांनाच सारख्या प्रमाणात वाढवावेत. मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटायच्या वेळचं, म्हणजे पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांचं पाणी सगळ्या वाफ्यांना एकाच दिवशी द्यायचं.

काढणीला कडेच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांचा अर्धा अर्धा मीटर सोडायचा. उरतात मधल्या चार ओळी, 3.2 चौरस मीटर. त्यात 960 ग्रॅम दाणा निघाला, तर हेक्टरी 30 क्विंटल, एकरी साधारण 12. दाण्यातली ओल वेगवेगळी असेल तर सगळी वजनं 12 टक्के ओलीवर आणावीत: वजन गुणिले (100 वजा ओल) भागिले 88.

आता स्थिरता, म्हणजे रान बदललं तरी वाणाचा उतारा किती टिकतो ते. समजा मळी, मधला उतार आणि टेक या तीन रानांत सगळ्या वाणांची सरासरी हेक्टरी 40, 30 आणि 20 क्विंटल आली. एक वाण 48, 31, 14 देतो. दुसरा 38, 30, 22. पहिल्याची सरासरी 31, दुसऱ्याची 30, म्हणजे कागदावर पहिला सरस. पण रानांची सरासरी 20 क्विंटलने बदलली तेव्हा पहिला 34 ने हलला, दुसरा 16 ने. याला 20 ने भागलं की येतो तो गुणांक: 1.7 आणि 0.8. एबरहार्ट आणि रसेल या शास्त्रज्ञांनी 1966 मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच. टेकावर पेरायचा तो दुसराच. मात्र गुणांक एकटा पुरत नाही. कधी वर, कधी खाली अशा उड्या मारणारा वाण गुणांक 1 असूनही बेभरवशाचा, म्हणून रानागणिक आकडे समोर ठेवूनच निवड करावी.

गव्यांनी वाफा खाल्ला तर तिथे शून्य मांडू नका, ती नोंदच गाळा. तांबेऱ्याने उतारा घटला तर मात्र तो आकडा ठेवायचा. ती वाणाची स्वतःची उणीव आहे. हा तांबेरा दरसाल सारखा येत नाही. नीलगिरी-पळणीच्या डोंगरांत तो टिकून राहतो आणि चक्रीवादळी पावसाबरोबर उत्तरेकडे सरकतो. तांबेरा न आलेल्या सालात नाजूक वाणही भक्कम दिसतो, तेव्हा निदान तीन हंगामांचे आकडे हाती आल्याशिवाय अख्खं रान एका वाणाखाली घालू नये.